आठ खाटा, आठ खड्डे

९ जानेवारी १९९४

इंदूला आज मागच्या वॉर्डात हलवलं. मीच ढकलत नेलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आठ नंबर, खिडकीजवळची. खाट तिनेच निवडली. इतकी वर्षं लोकांना खाटा वाटल्या, तेवढा हक्क आहेच तिचा. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याने परत पाठवलंय. मागच्या वॉर्डातून घरी फार थोडे जातात, हे मी तिला सांगायला नको की तिने मला. दोघी चादरीच्या घडीवर बोलत राहिलो.

निघताना म्हणाली, "ताई, बारा वर्षं हा वॉर्ड सांभाळला, पण खाटेवर पडल्यावर इथून काय दिसतं ते आज कळलं." काय दिसतं म्हणून विचारलं. म्हणाली, "झोपून बघ."

ड्युटी संपल्यावर सहा नंबर रिकामी होती, तिच्यावर आडवी झाले. मोडक्या खाटांचा ढीग, सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, जनरेटरच्या शेडची शेवाळलेली भिंत. एवढंच. उभं राहिलं की नजर त्यावरून थेट डोंगराकडे जाते, म्हणून आजवर दिसलं नाही. वॉर्डबॉय धावत आला, "सिस्टर, चक्कर आली का?" त्याला हाकललं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन मागच्या वॉर्डात. इंदूला गोड जपून. तिने एक लाडू माझ्यासमोर खाल्ला, दुसरा उशीखाली ठेवला. पेशंट हेच करतात म्हणून हीच ओरडायची.

मी विचारलं, जनरेटरच्या शेडच्या जागी काय होतं आठवतं का?

"आठवतं काय? माझं तरुणपण होतं तिथं."

विहीर होती. काठावर चाफा, पांढरा, पिवळ्या पोटाचा. ब्याऐंशीत इंदू नवीन आली, रानशेतची, त्यांच्या घराण्यातली पहिली शिकलेली पोर. मी तिच्याआधी वर्षभर आलेली, घाटावरची, इथली हवा खारट म्हणून रडणारी. नाइट संपली की दोघी चपला काढून विहिरीच्या काठावर. चहा मेसचा, नाचणीची भाकरी तिच्या आईची. कधी तिचा भाऊ महादू पहाटे उतरवलेली नीरा घेऊन यायचा, उन्हं चढायच्या आत संपवावी लागे. पेशंटची माणसं तिथंच तीन दगड मांडून भात शिजवायची, आम्हालाही वाढायची. मेट्रनबाई केसात फूल घालू देत नसत, म्हणून इंदू टोपीच्या आत चाफा ठेवायची. बाई वॉर्डभर हुंगत फिरायच्या. वास येतोय आणि फूल सापडत नाही.

शेड बांधायला चाफा तोडला तेव्हा मी सासरी, रजेवर. परत आले तर विहिरीवर स्लॅब आणि जनरेटर धडधडतोय. तेव्हापासून नाइटच्या पोरी बेडपॅन धुतात त्या खोलीत उभ्या उभ्या चहा पितात. त्यांना वाटतं असंच असतं.

घरी आले. ह्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. इतक्या वर्षांनी एका झाडासाठी रडू आलं, हे कुणाला काय सांगायचं.

२० जानेवारी

मोठ्या डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, मागची जागा साफ करून बाग करू या. खाटेवर पडून दिसेल अशी. चाकाची खुर्ची जाईल अशी वाट, आणि पोरींना चहा प्यायला बाक.

डॉक्टर म्हणाले, "जागा हॉस्पिटलची. पैसे तुमचे."

"तुमचे म्हणजे कुणाचे?"

"तुम्ही जमवाल त्यांचे." माणूस हुशार आहे.

ह्यांना सांगितलं. हे स्टेशनवर बुकिंग क्लार्क. म्हणाले, "तिकिटाच्या खिडकीवर डबा ठेवतो. नोकरी गेली की तुझ्या बागेत माळी." पण नंतर स्वतःहूनच रेल्वे कॉलनीत कोण किती देईल ते सांगत बसले.

मला ती बाग इंदूने बघायला हवी आहे. बाकी सगळं त्याच्या मागून. डॉक्टरांना विचारायचं धाडस केलं, किती वेळ आहे. म्हणाले, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत धरा.

२ फेब्रुवारी

स्टाफची मीटिंग. अर्ध्या पोरी बसून झोपल्या. पण नाव ठरलं, आणि ते माझं. 'एका खाटेला एक झाड'. मागच्या वॉर्डात आठ खाटा, म्हणून आठ झाडं. देणाऱ्याला सांगायचं, तुमचं झाड अमक्या खाटेचं. टाळ्या पडल्या. मला स्वतःलाच फार आवडलं, घरी येईपर्यंत गुणगुणत आले.

इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे. पण आमच्याकडे आजारी माणसं मोजत नाहीत, ताई." मी हसले. ती पुढे काही बोलणार तोच तिला उमासा आला, तो विषय तिथेच राहिला.

१३ फेब्रुवारी

सकाळभर दारोदार. रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी दिलं, चहाही पाजला. शाळेतल्या मास्तरांनी आधी पर्यावरणावर भाषण दिलं, मग हात खिशात घातला. एका साहेबांनी मुळापासून चौकशी केली आणि शेवटी 'बघू' म्हणाले. बघू म्हणणारे पुन्हा दिसत नाहीत, एवढा अनुभव आता आला.

दुपारी वाडीवाल्या शेठांकडे. चिकूची मोठी वाडी, माणूस सत्तरीचा, झोपाळ्यावर. मी पाटी लावायचं आमिष दाखवलं तर हात झटकले. "सिस्टरबेन, पाटीबिटी काई नको. माझी बा तुमच्याच मागच्या वॉर्डमां गेली. कलमं मी देईन, खड्डे मारायला माणसं मी देईन, माळी पण देईन. पण झाड चिकूचाच पायजे. बीजूं काई नई."

चिकू तर चिकू. त्यांची आई आठवली मला. पाच नंबर. शेवटपर्यंत खिडकीकडे तोंड करून असायची. तिला काय दिसत होतं ते आता मला माहीत आहे.

२७ फेब्रुवारी

रविवार. बसने उधव्याला. पेशंट सगळे तिकडचे, तर तिकडेही मागावं म्हणून. चार नंबरचे लखमाबाबा तिथले, छातीत पाणी होतं, दर थोड्या दिवसांनी काढावं लागतं. त्यांच्या थोरल्या मुलाच्या अंगणात बसले. वरीचा भात वाढला. बागेचं सगळं सांगितलं.

मुलगा म्हणाला, "पैसा नाय, बाय. माणूस मागा. आमी चार घरां येऊं कामाला."

म्हटलं, कामाला शेठांची माणसं आहेत, तुम्ही कशाला दिवस मोडता. त्याने बायकोकडे बघितलं. निघताना पिशवीत उडीद घातले. मोकळ्या हाताने पाठवलं नाही, पण चेहरा उतरला होता. बसमध्ये विचार करत होते, माझं काय चुकलं.

२८ मार्च

काल होळी. आज वॉर्डात कुणीतरी इंदूच्या गालाला बोटभर गुलाल लावलेला. बरी दिसत होती. आज चांगला दिवस. खुर्चीत बसवून मागच्या दारापर्यंत नेलं. भंगार उचललंय, काटेरी तार आली आहे. जमीन उघडी, लाल. म्हणाली, "आता बघवतं तरी." एवढ्यावर मी दिवस काढला.

२६ एप्रिल

महालक्ष्मीच्या जत्रेत बागेच्या पैशांसाठी आमचा सरबताचा स्टॉल. तालुका लोटलेला. आम्ही पाचजणी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये, टोप्या घालून, टेबलावर पांढरी चादर, ओळीने ग्लास. लोकांवर छाप पडावी म्हणून!

तासभर एक माणूस फिरकला नाही. गर्दी यायची, आमच्यापाशी आली की दुभंगायची, पलीकडे जुळायची. एका बाईने तर पोराला पदराखाली घेऊन पळ काढला. शेवटी एसटीचा कंडक्टर, उधव्याच्या गाडीवरचा, त्याची आई दोन वर्षांमागे आमच्याकडे होती, तो पोट धरून हसत आला. "अहो सिस्टर, लोकांना वाटतंय कॉलऱ्याची सुई टोचायला बसलाय. जत्रेत पांढरं टेबल म्हटलं की सुईच."

टोप्या काढल्या. शेजारच्या बांगडीवालीची जांभळी साडी टेबलावर अंथरली. मग तासाभरात बर्फ संपला.

इंदूला सांगितलं तर हसता हसता खोकला लागला, मी घाबरले. "ब्याऐंशीत मी पहिल्यांदा हा ड्रेस घालून घरी गेले," ती म्हणाली, "तर माझीच आजी मागच्या दाराने शेतात गेली. तिन्हीसांजेपर्यंत आली नाही." मग डोळे मिटून पडली. आजीचं नाव निघालं की ती अशीच आत जाते.

१० मे

शेठांची माणसं आली. कोसबाडच्या शेतकी केंद्रातून माहिती घेतलेली आहे, वैशाखात खड्डे मारायचे, ऊन खाऊ द्यायचं, मग खत-माती भरून पावसाच्या आत कलम. शेठांचा माळी गोविंद दोरी धरून रेघ मारतो. संध्याकाळपर्यंत आठ खड्डे झाले. कातळ लागला म्हणून जरा लांबोडके आलेत. शेजारी मातीचे ढीग. वाळवीसाठी आत चुना भुरभुरला.

वॉर्डाच्या खिडकीतून अगदी समोर. एका ओळीत, फार छान दिसत होते. मी मुद्दाम प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगितलं, बघा हं, तुमचा आहे एक. चार महिने मागत फिरले त्याचं काहीतरी डोळ्यांना दिसलं. आज खुशीत आहे.

१२ मे

मागचा वॉर्ड रिकामा.

सकाळी गेले तर नाइटची पोर स्टुलावर बसून रडत होती. उजाडता उजाडता माणसं आली, 'वारा खायला नेतो' म्हणाली, कुणी पाठुंगळी, कुणी चादरीच्या झोळीत, आणि गेली. लखमाबाबा, तीन नंबर, सगळे. उरल्या दोघी. सात नंबरची म्हातारी, तिला न्यायला कुणी नाही. आणि इंदू.

इंदू भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "आठ खाटा, आठ खड्डे. वर चुना. आणि तू एकेकाला जाऊन सांगितलंस, यातला एक तुमचा आहे."

मी स्टुलावर बसले.

"मी त्यांना सांगितलं, झाडांचे आहेत," इंदू म्हणाली. "लखमाबाबा काय म्हणाला माहीत आहे? पोरी, मी जन्मभर शेती केली. वैशाखात कोण झाड लावतो?"

"तू मला का नाही बोललीस?"

"फेब्रुवारीत बोलले होते. मोजू नये म्हणून." मग म्हणाली, "माझी आजी म्हणायची, उघडा खड्डा माणूस मागतो. ताई, मी नर्स आहे, मला सगळं कळतं. पण काल संध्याकाळपासून मीही इकडे तोंड करून झोपलेय."

१४ मे

तीन नंबरचा काल घरीच गेला. म्हणजे वारला. डॉक्टर म्हणाले, इथे असता तरी गेलाच असता, मनाला लावून घेऊ नका. इथे असता तर दुखणं तरी कमी करता आलं असतं.

गोविंदला म्हटलं, बुजवून टाक सगळे. इंदूने ऐकलं. मला बोलावलं. जुन्या आवाजात बोलली, वॉर्डात कुणी चुकलं की काढायची तो.

"बुजवशील तर ते म्हणतील, खरंच होतं म्हणून बुजवलं. त्यांना निरोप पाठव. म्हणावं, खड्डे भरायला तुम्ही या. त्यांनी हात देऊ केले होते ना? तू पैसे मागितलेस. आता हात माग."

उधव्याच्या अंगणातला तो उतरलेला चेहरा आता कळला. त्यांनीच खणले असते तर त्यांना सांगायला लागलं नसतं कशाचे आहेत ते. कंडक्टरला गाठून निरोप दिला. तो म्हणाला, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर सांगतो, तिकिटाबरोबर.

१८ मे

आले!

जीप भरून. लखमाबाबांना बाजेसकट उतरवलं. आत न्यायला गेलो तर नको म्हणाले, बाज खड्ड्याच्या शेजारीच ठेवायला लावली. दोन मुलं, सुना, आणखी चार घरची माणसं. एकाच्या खांद्यावर शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी. दुसऱ्याकडे केळीचे मुनवे, कंदासकट उपटलेले कोंब.

म्हटलं, बाबा, इथे चिकू लावायचाय. म्हणाले, "चिकू लावाल तं शेठ खातील. शेवगा आमचा. फांदी खोचली का झाला, वैशाखात बी." मग मुलांकडे बघून, "भरा रे. पायान दाबा. नीट."

बाजेवरून हात दाखवत होते. खड्डा भरत आला तसा त्यांचा आवाज मोठा होत गेला. शेवटची मूठ स्वतः टाकली. मग मला म्हणाले, "आता झाड आमचा झाला. आमी मेलो तं शेंगा खा, बाय." आणि मोठ्याने हसले.

तेवढ्यात शेठांची गाडी. खाली उतरून बघतच राहिले. "सिस्टरबेन, आ शुं? चिकूना खाडामां सरगवो?" चिकूच्या खड्ड्यात शेवगा कसा, ते त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. आठ खाटा, आठ खड्डे. शेठ डोक्याला हात लावून बाकावर बसले, मग म्हणाले, "मारी बा होती तो ए पण नासी जात." पळूनच गेली असती. जाताना बजावून गेले, शेंगा घरी पाठवजो.

२३ मे

सात खड्डे भरले. तीन शेवगे, दोन केळी, दोन चिकू. चिकूचा एक ह्यांनी भरला, रेल्वे कॉलनीतर्फे, कमरेला उसण भरेपर्यंत. कुठलं झाड कुठल्या खाटेचं ते आता कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही. माझ्या घोषवाक्याचे कापडी फलक पोतेऱ्याला गेले. बरं झालं.

आठवा राहिला. इंदूला विचारलं, तुझ्यात काय लावू?

म्हणाली, "चाफा."

म्हटलं, आणते कुठून तरी. म्हणाली, "कुठून तरी नको. तोच आण."

तोच म्हणजे? तर आज दहा वर्षांनी इंदूबाईंनी सांगितलं. चाफा तोडला त्या दिवशी ती ड्युटीवर होती. एक फांदी उचलली, एसटीने रानशेतला नेली. कंडक्टरने थट्टेने फांदीचं अर्धं तिकीट फाडलं. महादूच्या अंगणात ती लावली, आता चाफा घराच्या वर गेलाय.

"मला का नाही कधी बोललीस?"

"तू आल्यावर महिनाभर जनरेटरशी भांडत होतीस. नंतर राहून गेलं."

इतकी वर्षं मी समजत होते की ती विहीर, त्या सकाळी, सगळं संपलं. आणि रानशेतला एका अंगणात दर उन्हाळ्याला फुलं येत होती. आनंद झाला की राग आला, अजून ठरवता येत नाही.

२९ मे

महादू जीप घेऊन आला. इंदू घरी जाते म्हणते.

डॉक्टरांनी सही केली. तिचे केस विंचरले. किती पातळ झालेत. वेणी घालताना ती म्हणाली, "फांदी आणायला चाललेय."

"महादू आणेल की."

"मी आणीन. कापली की लगेच लावायची नसते, चीक सुकू द्यावा लागतो. आठेक दिवस सावलीत. मग घेऊन येते. तोवर आठवा बुजवू नको."

बरं म्हटलं. दोघींनाही माहीत होतं काय बोलतोय. नर्सला नर्सशी खोटं बोलता येत नाही, म्हणून आम्ही झाडाबद्दल बोललो. जीपमध्ये बसल्यावर तिने माझा हात धरला. पूर्वी टोपी सरळ आहे का बघायला माझ्याकडे बघायची, तसं बघितलं. आणि अगदी हळू म्हणाली, महादूला ऐकू जाणार नाही असं,

"ताई, रात्रीचा उघडाही ठेवू नको. काहीतरी ठेव त्यात."

जीप वळेपर्यंत उभी होते. मग राउंडला गेले.

१ जून

बुजवायचा नाही आणि उघडा ठेवायचा नाही. बुजवला तर मी तिची आशा सोडली. उघडा ठेवला तर, तिच्या आजीचं म्हणणं. मी घाटावरची, शिकलेली, असलं काही मानत नाही. तरीपण दिवे लागायच्या वेळी शेणखताची पाटी उचलून खड्ड्यात ठेवते, सकाळी आल्या आल्या बाहेर काढते. गोविंद रोज बघतो. आज म्हणाला, "सिस्टर, भरून टाकूं? पाऊस येईल." म्हटलं, राहू दे.

५ जून

मागचा वॉर्ड पुन्हा भरला. आठ नंबरला नवीन बाई, तलासरीकडची. लखमाबाबा रोज बाजेवरून शेवग्याला किती डोळे फुटले बघतात. तीन हिरवे कोंब आहेत.

सकाळी लवकर गेले. नाइटच्या दोन पोरी बाकावर बसून चहा पीत होत्या. चपला काढलेल्या. एकीने पाय केळीच्या आळ्यात ओल्या मातीवर ठेवलेले. मला बघून उठायला लागल्या. म्हटलं, बसा गं. उठलात तर याद राखा. कोपऱ्यात सात नंबरच्या म्हातारीला खुर्चीत आणून बसवलं होतं, तिलाही बशीत चहा ओतून दिला होता. असं मी कुणाला शिकवलं नव्हतं. हुबेहूब तसंच होतं, फक्त विहीर नव्हती आणि इंदू नव्हती. बाग झाली. जिच्यासाठी केली तिने बघितली ती अर्धवट, खड्ड्यांची.

रानशेतहून काही निरोप नाही. कंडक्टर म्हणतो, महादू थांब्यावर दिसत नाही.

७ जून

माझी दुपारची ड्युटी लांबली, अपघाताची केस. अंधार पडल्यावर आठवलं, पाटी! पळत मागे गेले. पाटी खड्ड्यात होती. ह्यांनी स्टेशनवरून येताना वाट वाकडी करून ठेवली. मला वाटलं होतं, मला हसतील. म्हणाले, "जड आहे गं. रोज कशी उचलतेस?"

१० जून

दुपारी कंडक्टर वॉर्डाच्या दाराशी आला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, हातभर लांब. "रानशेतच्या थांब्यावर महादूने दिलं. सिस्टरला द्या म्हणाला."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. गाडीत गर्दी होती, मी घंटी मारली."

"चेहरा कसा होता?"

त्याने आठवून बघितलं. "सिस्टर, खरं सांगू का, लक्ष नाही दिलं."

गोणपाट सोडलं. चाफ्याची फांदी. टोकाला चार पानं, आणि एक कळी, मिटलेली.

मी आणीन म्हणाली होती. स्वतः. मग तिने पाठवली, की महादूने आपणहून आणून दिली? तिने सांगून कापून घेतली, की... गोविंद कुदळ घेऊन आलाच होता. "लावूं?"

फांदीचा कापलेला भाग बघितला. पांढरा चीक बोटाला लागला. आजच कापलेली. म्हटलं, "नाही रे. चीक सुकल्याशिवाय लावायची नसते. आठेक दिवस तरी."

इतकं बरं वाटलं ते म्हणताना.

परवा रविवार. सकाळच्या गाडीने रानशेतला जाता येईल. हे म्हणाले, मी येतो सोबत. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला भीती वाटते.

पाटी खड्ड्यात ठेवून आले. फांदी इथे माझ्या खाटेखाली, सावलीत. खोलीत वास येतोय, कळी तर उमललेली नाही. मघाशी पुन्हा हात लावून बघितला, चीक अजून ओला आहे.